रिकामा रकाना आणि साळवे मॅडम

फोन आला तेव्हा मी पंचवटीच्या भाजीबाजारात मेथीच्या दोन जुड्यांसाठी घासाघीस करत होतो. पलीकडून मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर गवळी बाई बोलत होत्या. "देवरे, साळवे मॅडमविषयी सांगायचं होतं..." एवढंच त्या म्हणाल्या, आणि बारा वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, आधीच सांगतो, चूक माझीच असणार. कुठली फाईल आहे?" पलीकडे गवळी बाई रडता रडता हसल्या. "यात तुझी काही चूक नाही रे," त्या म्हणाल्या, "मॅडम आज पहाटे गेल्या..." भाजीवाली विचारत होती, "भाऊ, घ्यायचीय का नुसतीच हाताळायची?" मी तिनं सांगितला तो भाव दिला आणि निघालो. घरी आल्यावर बायकोनं पिशवी उघडली तर आत शेपू. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "देवरे, तू पालाही वाचून बघत नाहीस." आणि हसल्या असत्या... त्यांचं हसणं असं होतं की ज्याची चूक असे त्यालाही त्यात सामील व्हावंसं वाटे. मी तर बारा वर्षं सामील होत होतो.

विजया साळवे हे त्यांचं नाव, पण कुणी ते पूर्ण घेतल्याचं मला आठवत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, नाशिक रोडला स्टेशनजवळ, सायकलच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. संस्थांच्या याद्या, शाळांचे निकाल, सभासदांची पत्रकं, असली कामं आम्ही करायचो. मालक वसुली करायचे, मी चुका करायचो आणि मॅडम त्या दुरुस्त करायच्या. त्यांचे वडील सरकारी छापखान्यात तपासनीस होते. छापलेले कागद उजेडात धरून दोष शोधण्यात त्यांची उभी हयात गेली. ती नजर लेकीकडे आली होती. घरात कॉम्प्युटर नसताना मॅडमनी सी भाषेचं एक जाडजूड पुस्तक कुणाकडून तरी आणून वहीत उतरवून काढलं होतं, उदाहरणांसकट. मशीन समोर यायच्या वर्षभर आधी त्या प्रोग्राम डोक्यात चालवून बघत. मी मात्र सटाण्याहून डिप्लोमा करून आलेला. मशीन होतं म्हणून डोकं वापरायची मला कधी गरज वाटली नाही. एक पेन्सिल अंबाड्यात, एक हातात, खांद्याला भलीमोठी पिशवी, अशा त्या लुनावरून यायच्या, आणि जिना चढतानाच विचारायच्या, "आज काय मोडलंय?"

पहिल्याच आठवड्यात मी एका पतसंस्थेच्या संचालकांची यादी केली. नावाला मी वीस अक्षरांची जागा ठेवली होती. माझं स्वतःचं नाव त्यात व्यवस्थित बसत होतं, त्यामुळे जगाचंही बसेल अशी माझी समजूत. संस्थेचे अध्यक्ष मात्र नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा सगळा बारदाना घेऊन आले. सी भाषा अशा वेळी अडवत नाही. जागा संपली तरी शेजारच्या घरात माल भरत राहते. छापून आलं तेव्हा अध्यक्षांचं अर्धं आडनाव त्यांच्या हुद्द्यात शिरलं होतं आणि हुद्दा कुठेतरी हरवला होता. संस्थेत म्हणे त्या दिवशी त्यांच्या विरोधकांनी पेढे वाटले. मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "डबा न बघता भाजी ओतलीस ना? आता ओटा पूस."

दुसरी गंमत काकडीची. एका ओळीत नाव, गाव, वय असं सगळं खुणांनी जोडलेलं असतं, आणि प्रोग्रामला ते सुटं करून घ्यावं लागतं. सी भाषेत त्यासाठी स्ट्रटॉक नावाचं तयार हत्यार आहे. ओळ द्या, खूण सांगा, ते एकेक तुकडा तोडून देतं. मला ते इतकं आवडलं की मी ते दिसेल तिथे चालवू लागलो. एकदा तुकडे करून झाल्यावर मूळ ओळ पुन्हा छापायला गेलो तर फक्त पहिलं नाव छापून आलं. मी जाहीर केलं की मशीन खराब आहे. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "मशीनला काय धाड भरलीय? तू काकडी चिरलीस. आता अख्खी काकडी कुठे गेली म्हणून विळीला विचारतोस." हे हत्यार मूळ ओळच कापतं, हे मला ठाऊकच नव्हतं. "अख्खी हवी असेल तर आधी दुसरी आण," त्या म्हणाल्या. म्हणजे आधी प्रत काढ, मग चीर. खाली सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता. मॅडमनी खिडकीतून त्याच्याकडे बोट दाखवलं. "तो बघ. पंक्चर काढल्यावर पुन्हा बुडवून बघतो. तू प्रोग्राम एकदा चालला की चहाला पळतोस."

माझी आई सटाण्याहून सेंटरच्या फोनवर फोन करायची. मी चहाला पळालेला असल्यामुळे तो बहुतेक मॅडमच उचलायच्या. "मना पोऱ्या कसा शे?" आई अहिराणीत विचारायची. महिन्याभरात मॅडमनी उत्तरापुरती अहिराणी शिकून घेतली. "चुका करस, पन मानूस बरा शे." आईनं हे वाक्य माझ्या लग्नाच्या बोलणीत, मुलीकडच्यांसमोर, शिफारसपत्रासारखं वापरलं.

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरत होतो, हे वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

गवळी बाईंच्या वसतिगृहात अकरावीसाठी चाळीस मुली घ्यायच्या होत्या. जिल्हाभरातून अर्ज आले होते. प्रत्येक अर्जाची एक ओळ, आणि तिच्यात सहा रकाने: अर्जाचा क्रमांक, नाव, गाव, फोन, दहावीचे मार्क आणि गावापासून जवळच्या कॉलेजचं अंतर. दोन रकान्यांच्या मधे उभी रेघ. मार्कांप्रमाणे यादी लावायची, आणि मार्क सारखे असतील तर जिचं गाव लांब तिला आधी. मॅडम आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होत्या. मी स्ट्रटॉक परजलं. प्रोग्राम चालवला की काही ओळींनंतर मशीन एक इंग्रजी शेरा मारून तो बंद पाडायचं. शोधलं तर कळलं की काही ओळींत सहावा तुकडाच सापडत नाही. का सापडत नाही, हे शोधायला हवं होतं... मी तिथे एक ओळ लिहिली. जिथे काही सापडणार नाही तिथे शून्य घाल. प्रोग्राम सुतासारखा सरळ आला. यादी सुबक छापली गेली, वसतिगृहाच्या फलकावर लागली, आणि मी स्वतःच्या कौतुकाप्रीत्यर्थ मिसळ खाल्ली.

मॅडम सुट्टीवरून आल्या त्या दिवशी टेबलावरची प्रत त्यांनी उचलली आणि गावांच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. घोटी, सिन्नर, इगतपुरी, सटाणा, पुन्हा घोटी. शेवटी बोट थांबलं.

"देवरे, पेठ-सुरगाण्याकडची एक तरी मुलगी दाखव."

मी यादीकडे पाहिलं. त्या आदिवासी तालुक्यांतली एकही नव्हती. आणि मग मी जे म्हणालो ते इथे लिहिताना आजही कान गरम होतात. मी म्हणालो, "तिकडच्या मुलींचे मार्क कमी असतील, मॅडम."

त्या रागावल्या नाहीत. यादी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे वाक्य मी माझ्याबद्दल पुष्कळदा ऐकलंय," त्या म्हणाल्या. "आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक पोरीबद्दल ऐकलंय. आणि दर वेळी म्हणणाऱ्यानं कागद बघितलेला नसायचा. ऊठ, मूळ फाईल उघड."

फाईल उघडली. तिथे यमुना भोये नावाची मुलगी होती. गाव पेठ तालुक्यातलं, मार्क पाचशे बारा, जवळचं कॉलेज तेवीस किलोमीटरवर. माझ्या यादीनुसार तिचे मार्क होते तेवीस. मॅडमनी पेन्सिल ओळीवर टेकवली. गाव झाल्यावर उभी रेघ होती, आणि लगेच दुसरी उभी रेघ. मधे काही नाही. घरी फोन नव्हता म्हणून तो रकाना मोकळा होता. स्ट्रटॉकचा स्वभाव असा की दोन रेघा लागून आल्या तर ते त्यांना एकच समजतं आणि रिकामा रकाना गिळून पुढे जातं. मग मार्क फोनच्या जागी, अंतर मार्कांच्या जागी, आणि अंतराच्या जागी मी प्रेमानं घातलेलं शून्य. ज्यांनी घरचा किंवा शेजारच्या दुकानाचा तरी नंबर दिला होता त्या मुली यादीत वर. ज्यांच्या अख्ख्या गावात फोन नव्हता त्या सगळ्या तळाला.

"प्रोग्राम बंद पडत होता ना?" मॅडमनी विचारलं. मी मान हलवली. "म्हणजे तो बिचारा ओरडून सांगत होता. तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास."

मग त्यांनी अंबाड्यातली दुसरी पेन्सिलही काढली आणि छापील कागदावर दोन्ही शेजारी शेजारी टेकवल्या. "ही पहिली रकान्याच्या सुरुवातीला. ही दुसरी पुढची रेघ भेटेपर्यंत चालत जाईल. भेटली की दोघींच्या मधलं उचल, पण उचलण्याआधी डब्यात मावतंय का बघ. मग पहिलीला रेघेच्या पलीकडे ठेव आणि पुन्हा तेच. मूळ ओळीला सुरी लावायची नाही."

"आणि दोन्ही पेन्सिली एकाच जागी आल्या तर?"

"तर मधे काही नाही, पण रकाना आहे. तो मोजायचा आणि पुढे जायचं."

"आणि ओळ संपली तर?"

"तर थांब, आणि सहा झाले का बघ. नसतील झाले तर ओरड. शून्य घालून शहाजोगपणे बसू नकोस."

दुपारपर्यंत नवा प्रोग्राम तयार झाला, आणि नव्या यादीत अठरा मुली अशा निघाल्या ज्यांना जुन्या यादीनं घरी बसवलं होतं. प्रवेशाची मुदत तीन दिवसांनी संपत होती. आम्ही वसतिगृहावर गेलो. मी मनात कबुलीजबाब घोकत होतो, पण मॅडमनी मला बोलूच दिलं नाही. "बाई, यादी चुकली. चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. गवळी बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, निम्म्या मुली सामान घेऊन आल्यात. त्यांना काय परत पाठवू?" "त्यांनाही परत पाठवू नका," मॅडम म्हणाल्या. "खाटा जवळ घेता येतात. खोलीत दाटी झालेली मुलींना चालते. यादीत नाव नसलेलं चालत नाही." गवळी बाईंनी शिपायाला हाक मारली, "अभ्यासाच्या खोलीतली टेबलं बाहेर काढ."

बाहेर आल्यावर मॅडम लुनाचं पेडल मारत म्हणाल्या, "आत 'आमची' म्हटलं ते ठीक आहे. पेठला तू जाणार. सुरगाण्याच्या बाजूला मी जाते."

"फोन करून..." मी सुरुवात केली आणि तिथेच थांबलो. आयुष्यात वेळेवर थांबलेलं माझं ते पहिलं वाक्य असावं.

दोन दिवस मी एसटीनं आणि पायी पेठच्या डोंगरात हिंडलो. पायात लग्नासाठी घेतलेले नवे बूट होते. यमुनाच्या पाड्यावर पोचता पोचता भाताच्या वाफ्यात एक बूट रुतून राहिला, आणि मी एका पायात बूट घालून तिच्या दारात उभा राहिलो. तिचे वडील अंगणात औताचं लाकूड तासत होते. ते परवाच नाशिकला येऊन यादी वाचून गेले होते. मुलीचं नाव तीनदा शोधून परत आले होते. "उंद्या तिला मामाकडं भाताच्या लावणीला धाडायची होती," ते म्हणाले. मी त्यांना समजावायला बसलो. ओळ, रेघा, रकाने, तुकडे... त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आमच्याकडं फोन नाय, म्हनून पोरीचा मार्क कमी झाला?"

माझ्या प्रोग्रामचं इतकं नेमकं वर्णन मला स्वतःलाही कधी जमलं नव्हतं. "हो," मी म्हणालो.

आतून यमुना आली. तिनं माझ्या एका बुटाकडे पाहिलं, हसू दाबलं आणि विचारलं, "सर, या खेपेला कोणी वाचून बघितलं का?" वडिलांनी तासणी बाजूला ठेवली. "खरं हाय तिचं. फळ्यावर चिटकवू नका नुसतं. आमच्या देखत वाचा."

निरोप मी तसाच्या तसा मॅडमना दिला. प्रवेशाच्या दिवशी वसतिगृहाच्या जेवणघरात मुली आणि त्यांचे आईवडील सतरंजीवर बसले, आणि मॅडमनी उभं राहून यादी वाचली. नुसती नावं नव्हेत, प्रत्येकीचे सगळे रकाने. "यमुना भोये. फोन, रिकामा. मार्क पाचशे बारा. अंतर तेवीस किलोमीटर." जो रकाना मोकळा असेल तिथे त्या थांबायच्या, "रिकामा" असं मोठ्यानं म्हणायच्या आणि मगच पुढे जायच्या. अठराच्या अठरा मुली आल्या होत्या. यमुना पुढे डी.एड. झाली, आता पेठ तालुक्यातच शिकवते, आणि आजही मला भेटली की बरोबर असलेल्याला सांगते, "हे मला तेवीस मार्क देणारे सर."

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि बारा वर्षं चाललेलं आमचं सेंटर बंद पडलं. मी अंबडच्या एका कारखान्यात लागलो, मॅडम एका कॉलेजात शिकवू लागल्या. जूनमधलं ते वाचन मात्र त्यांनी एकाही वर्षी चुकवलं नाही. मला शेजारी बसवायच्या. मदतीला नव्हे, इशाऱ्याला. नव्या मुलींना माझी ओळख करून द्यायच्या, "हे देवरे. यांच्यामुळे आपण यादी वाचतो." टाळ्या पडायच्या. मी उठून नमस्कारही करायचो.

गेल्या हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. आजार मोठा होता, पण त्याबद्दल विचारलं की त्या माझ्या मुलाच्या गणिताबद्दल विचारत. मी भेटायला गेलो तेव्हा त्या कागदावरून सिस्टरशी वाद घालत होत्या. कुठलं औषध सोसत नाही, हा रकाना मोकळा सोडला होता. "काहीच नाही म्हणून मोकळा आहे ना, मावशी," सिस्टर म्हणाली. "मग 'नाही' लिही, बाळ. मोकळा म्हणजे मला विचारलंच नाहीस." सिस्टरनं लिहिलं. मॅडमनी वाचून बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, मुलगी एका फटक्यात शिकली. तुला किती वर्षं लागली?" एप्रिलअखेर त्या गेल्या... मी अजून शिकतोच आहे.

मागच्या रविवारी गवळी बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "यंदा वाचायचं कुणी?" म्हणजे मी. चष्मा पुसून जेवणघरात उभा राहिलो. समोर सतरंजीवर मुली, आईबाप, दाराशी चपलांचा ढीग. आता पेठ-सुरगाण्याच्या घरांतही मोबाईल पोचलेत, त्यामुळे फोनचा रकाना भरलेला. मी खूश झालो, आज लवकर सुटका. पण संस्थेनं अर्जात ई-मेलचा नवा रकाना घातला होता, आणि तो जवळजवळ सगळ्यांचा मोकळा. पहिल्या पाच-सहा मुलींना मी नेमानं "ई-मेल, रिकामा" म्हणालो. मग घसा सुकला, आणि मी आपला सरळ मार्कांवर उडी मारू लागलो.

मागच्या भिंतीला टेकून बसलेली बारावीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, तिचा ई-मेल राहिला."

"अगं, रिकामा आहे तो."

"मग तसं म्हणा ना. मॅडम म्हणायच्या."

जेवणघरात हशा पिकला. गवळी बाईही तोंडाला पदर लावून हसत होत्या. जिचा रकाना होता ती मुलगी पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन, माझ्याकडेच बघत होती. मी बोट एक घर मागे नेलं.

"ई-मेल, रिकामा," मी खणखणीत आवाजात वाचलं. मग तिचे मार्क वाचले.